नव्ह-शापेल (उत्तर फ्रान्स): भारतीय स्मारकावरचं नाव कसं शोधायचं? गावात आणखी काय पाहावं?

माणदेशी_लिऑन

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी लिलला कामासाठी जाणं आहे आणि एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय. पा-द-कॅलेमधलं नव्ह-शापेल हे गाव आणि तिथलं भारतीय स्मारक पाहायचं ठरवलं आहे. पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले ते परतलेच नाहीत, एवढंच घरात ठाऊक आहे. कुणी म्हणतं खडकीच्या सॅपर्समध्ये (पूल, खंदक, सुरुंग यांचं काम करणाऱ्या पलटणीत) होते, कुणी म्हणतं मराठा पलटणीत. कागद एकही नाही. गावच्या घरी दोन-तीन पदकं आणि ब्रॉन्झची एक मोठी गोल चकती आहे.

स्मारकावर त्यांचं नाव आहे की नाही हे कसं कळेल? गाडी नाही, तर लिलहून कसं जायचं? आसपास काय चुकवू नये? आजीची इच्छा आहे की तिथे निरांजन लावावं आणि मूठभर माती आणावी. हे चालतं का?

नोंदवही

नाव शोधण्याचं काम इथेच, निघण्याआधी उरकून घ्या. स्मारकाच्या भिंतीवर 4700 हून जास्त नावं आहेत. ती आधी पलटणीनुसार, मग हुद्द्यानुसार आणि मग अक्षरानुक्रमाने लावलेली आहेत. पलटण माहीत नसेल तर तिथे उभं राहून नाव सापडणं कठीण आहे.

सुरुवात पदकांपासून करा. ब्रॉन्झचा चांदणीसारखा तारा असेल तर मधल्या पट्टीवर काय लिहिलंय ते पाहा. मध्ये नुसतं 1914 आणि वरखाली ऑगस्ट व नोव्हेंबरची इंग्रजी संक्षिप्त रूपं असतील तर तो 1914 चा तारा. तो 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांनाच मिळाला. पट्टीवर 1914-15 असेल तर माणूस नंतर आलेला असू शकतो किंवा इराक, इजिप्त, पूर्व आफ्रिका अशा वेगळ्याच आघाडीवर असू शकतो. ताऱ्याची मागची बाजू सपाट असते. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. गोल पदकांवर हाच मजकूर कडेवर असतो, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात तिथे. घरच्यांना फोनवर सांगा की पदक हळूहळू फिरवत, बाजूने टॉर्च धरून कडेचे सहा-सात फोटो काढा. ब्रासो, चिंच, राख काहीही लावू देऊ नका. वर्षानुवर्षं घासून कडेवरची अक्षरं सपाट झालेली असंख्य पदकं आहेत. त्यावरचा क्रमांक एकदा गेला की तो परत मिळत नाही.

मोठी चकती मृतांच्या कुटुंबांना पाठवली जायची. तिचा व्यास साधारण 12 सेंटीमीटर असतो. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा आणि पलटण नसते. मरणात सगळे सारखे, म्हणून तसं ठरवलं होतं. तेव्हा पलटण चकतीवर शोधू नका.

हे हाती आलं की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. इथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. आपण आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकतो. भारतीय शिपायांचं बहुतेक वेळा अख्खं नाव एकाच रकान्यात असतं आणि तेही ‘रामा सावंत’ असं, म्हणजे नाव आधी. त्यामुळे आडनावाच्या रकान्यात पाळण्यातलं नाव टाकून पाहा. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं पडलं तसं. जाधवच्या शेवटी व्हीऐवजी ओ, पवारमध्ये पहिल्या एच्या जागी ओ, हे नेहमीचं. नाव सापडलंच नाही तर नाव सोडून द्या. स्मारक ‘नव्ह-शापेल’, सैन्य ‘भारतीय’, पलटण आणि मृत्यूची तारीख एवढंच देऊन यादी काढा आणि ‘अधिक माहिती’ वाचा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो.

जिल्हे मात्र तेव्हाचे घ्या. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, तासगाव-वाळवा-खानापूर साताऱ्यात होते. सिंधुदुर्ग रत्नागिरीत, रायगड म्हणजे कुलाबा.

आता सॅपर्स की मराठा पलटण. खडकीची पलटण तेव्हा ‘तिसरी सॅपर्स अँड मायनर्स’ म्हणून ओळखली जायची. तिच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला आल्या आणि नव्ह-शापेललाच लढल्या. मराठा पलटणी मुख्यतः इराकच्या आघाडीवर होत्या. 103, 110 आणि 117 या तिन्ही तिथल्या कूतच्या मोहिमेत होत्या. तसं असेल तर नोंद बसरा स्मारकाखाली मिळेल. बसऱ्याच्या भिंतीवर भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा नुसता आकडा. नव्ह-शापेलला साध्या शिपायाचं आणि मजुराचंसुद्धा नाव दगडात आहे. माझ्या मते हे स्मारक पाहायला जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

उत्तरेचा_वारकरी

जाण्यायेण्याचं सांगतो. लिल-फ्लांद्र स्टेशनवरून बेत्यूनच्या दिशेची प्रादेशिक गाडी घ्या आणि ‘ला बासे–व्हिओलेन’ला उतरा. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. तिथून स्मारक उत्तरेला सहा किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीत सायकल नेता येते, तेव्हा लिलमध्ये दिवसभरासाठी सायकल भाड्याने घेणं सगळ्यांत सोयीचं. प्रदेश पोळपाटासारखा सपाट आहे, चढ नावालाही नाही.

नकाशा तुम्हाला सरळ डी-947 वरून जायला सांगेल, ते ऐकू नका. तो एस्तेरकडे जाणारा मोठा रस्ता आहे, ट्रक वेगाने जातात आणि कडेला चालायला जागा नाही. व्हिओलेन, लोर्जी असं आतल्या रस्त्याने गेलात तर किलोमीटर-दीड किलोमीटर वाढेल, पण शेतांमधून शांतपणे पोचाल. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा शुगरबीट काढणीचा हंगाम. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिकण माती डांबरावर येते, पावसाचा एक शिडकावा झाला की सायकल घसरते. वळणावर ब्रेक दाबू नका, वळणाआधी दाबा.

रविवार शक्यतो टाळा, गाड्या फार कमी असतात. सोमवारी खेड्यांतली बेकरी-दुकानं बऱ्याचदा बंद असतात आणि इतर दिवशी दुपारी दोन-अडीच तास कुलूप. स्मारकाजवळ स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मिळेल असं गृहीत धरू नका, ला बासेमध्येच सगळं आटोपून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर जाणार असाल तर साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी नऊच्या सुमारास लिल सोडलंत तर दिवस पुरतो.

आणि एक अगदी महत्त्वाचं. नांगरटीत अजूनही तोफगोळे वर येतात. शेतकरी ते उचलून बांधावर किंवा विजेच्या खांबाच्या बुडाशी ठेवतात, सरकारी पथक येऊन नेतं. गंजलेला, चिखलाने माखलेला नळकांडीसारखा लोखंडाचा तुकडा दिसला तर हात लावू नका, पायाने ढकलू नका, जवळून फोटोही नको. काहींत विषारी वायू असतो आणि शंभर वर्षांत पत्रा पातळ झालेला असतो. शेतात शिरून काही शोधणं तर नकोच. मेटल डिटेक्टर परवानगीशिवाय वापरणं फ्रान्समध्ये गुन्हा आहे.

माणदेशी_लिऑन

दोघांचेही मनापासून आभार. चुलतभावाने फोटो पाठवले. तारा 1914 चाच आहे. मागे क्रमांक, ‘सॅपर’ असा हुद्दा आणि शेवटी इंग्रजीत 3, एस, एम अशी अक्षरं दिसतात. म्हणजे खडकीच! आयोगाच्या यादीत त्याच क्रमांकाची नोंद मिळाली, नाव वेगळ्याच स्पेलिंगने आहे. मृत्यूची तारीख 28 ऑक्टोबर 1914. त्या दिवशी तिथे नेमकं काय झालं होतं? आणि ती जागा आज पाहता येते का?

खंदक_नकाशे

ती तारीख खडकीच्या पलटणीच्या इतिहासातली फार जड तारीख आहे.

ऑक्टोबर 1914 च्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव्ह-शापेल घेतलं होतं. 28 तारखेला ते परत घेण्यासाठी 47 वी शीख पलटण आणि तिसऱ्या सॅपर्सच्या 20 व 21 या दोन कंपन्या पश्चिमेकडून निघाल्या. मधे उघडी, सपाट शेतं, आडोसा नाही. तरीही ते गावात शिरले आणि घराघरातून संगिनींनी लढले. कुमक मात्र पोचली नाही. जर्मनांचे प्रतिहल्ले सुरू झाले आणि उरलेल्यांना त्याच उघड्या शेतांतून, गोळीबारात माघारी यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे झाडून सगळे इंग्रज अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं यासाठी तयार केलेल्या माणसांना पायदळ म्हणून वापरलं होतं. असे कसबी लोक गेले की त्यांच्या जागी दुसरे चटकन उभे करता येत नाहीत, म्हणून हा वापर तेव्हापासूनच चूक मानला गेला. जागा जर्मनांकडेच राहिल्यामुळे मृतदेह मागे राहिले. तुमच्या चुलत पणजोबांना समाधी नाही आणि नाव भिंतीवर आहे, याचं कारण बहुधा हेच.

जागा पाहता येते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या काळचे खंदकांचे नकाशे फुकट पाहायला मिळतात. 36 नैऋत्य 3, म्हणजे ‘रिशबूर’ हा कागद उघडा. प्रमाण 1:10,000. आजच्या उपग्रहचित्रावर तो ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. मात्र बहुतेक आवृत्त्या 1915 नंतरच्या आहेत, त्यातल्या खंदकांच्या रेघा 1914 च्या ऑक्टोबरला लागू नाहीत. रस्ते, ओढे आणि घरांच्या जागा तेवढ्या घ्या. गावाच्या पश्चिम कडेला उभे राहून पश्चिमेकडे बघा, हल्ला त्या बाजूने आला. कंपन्यांच्या युद्ध-रोजनिश्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ 95 या मालिकेत आहेत. त्यांत शिपायांची नावं क्वचितच असतात, पण तासातासाचा वृत्तांत असतो.

खोल खंदकांचे अवशेष शोधू नका, इथे ते कधीच नव्हते. चिकण माती आणि पाणी अगदी वर, दोन-तीन फुटांवर खड्डा भरायला लागतो. म्हणून जमिनीच्या वर वाळूच्या पोत्यांची भिंत रचायचे. युद्ध संपल्यावर पोती कुजली, माती पसरली आणि शेत पुन्हा सपाट झालं. टिकून आहेत ते काही काँक्रीटचे जर्मन बंकर. गावाच्या पूर्वेला लाय नावाचा ओढा, त्यामागे बीए नावाचं रान आणि त्यापलीकडे ओबेरची उंचवट्याची रेघ. उंची जेमतेम पंधरा-वीस मीटर, पण त्या सपाटीत त्यावरून सगळं दिसतं. पुढची लढाई झाली ती याच उंचवट्यासाठी.

ती 10 मार्च 1915 ची. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, 35 मिनिटं चालल्या, 8 वाजून 5 मिनिटांनी पायदळ उठलं. विमानातून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे आधीच बनवले होते, ते तेव्हा नवीन होतं. गाव काही तासांत हाती आलं. मग गाडं अडलं. फोनच्या तारा तुटल्या, निरोप पोचेनात, राखीव फौज तासन्‌तास थांबून राहिली, तोफगोळेही कमी पडू लागले. उजव्या अंगाला गढवालची पहिली बटालियन दिशा चुकून उजवीकडे सरकली आणि जिथल्या तारा तोफांनी तोडल्याच नव्हत्या तिथे जाऊन पडली. शेजारच्याच दुसऱ्या बटालियनचे गबर सिंग नेगी खंदकाच्या प्रत्येक वळणावर सर्वांत आधी शिरत गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचं नावही याच भिंतीवर आहे. 13 मार्चला लढाई थांबली. भारतीय कोअरचे, म्हणजे तिथल्या भारतीय फौजेचे, सुमारे 4200 जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. ओबेरचा उंचवटा हाती आला नाही तो नाहीच.

स्मारक ज्या चौकात आहे त्याला सैनिक ‘पोर्ट आर्थर’ म्हणायचे. गढवाल ब्रिगेड त्या सकाळी तिथूनच निघाली. जागा उगाच निवडलेली नाही.

घडीव_दगड

निरांजन आणि मातीबद्दल.

दगड पांढुरका आणि सच्छिद्र आहे. तेल किंवा तूप एकदा त्यात मुरलं की निघत नाही, हळद-कुंकवाचंही तेच. खाली पडलेली वात विझली तरी काजळीचा डाग राहतो. म्हणून दिवा दगडावर ठेवू नका. सुटी फुलं किंवा दोऱ्यात ओवलेला साधा हार भिंतीच्या पायाशी ठेवला तर कुणाची हरकत नसते. प्लास्टिक, तार, थर्माकोल नको. आजींना दिवा लावायचाच असेल तर सेलवरची पणती ठेवा आणि निघताना परत घ्या.

नावाचा फोटो काढताना खडू किंवा पेन्सिल घासू नका, दगडाची झीज होते. अक्षरं उथळ आहेत, समोरून फ्लॅश मारला की दिसेनाशी होतात. कुणाला तरी भिंतीला जवळजवळ टेकवून, डाव्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरायला सांगा आणि तुम्ही फ्लॅश बंद ठेवून समोरून टिपा. अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि नाव उठून येतं. पॅनेल क्रमांक आयोगाच्या नोंदीत असतो, तो लिहून न्या.

मातीचं मात्र आजींना समजावून सांगा. परदेशातून माती आणायला भारतात वनस्पती-संगरोधाचा परवाना लागतो, विमानतळावर ती काढून घेतात. शिवाय त्या मातीत खरोखरच माणसांचे अवशेष आहेत, आजही सापडतात. मला विचाराल तर ती तिथेच राहू द्यावी. उलट गावाकडून एखादं फूल सुकवून नेऊन तिथे ठेवा.

स्मारक नीट बघायला तासभर ठेवा. वास्तुरचना हर्बर्ट बेकरची, नवी दिल्लीतली सचिवालयं बांधणारे तेच. सगळं आवार वर्तुळाकार आहे. वर्तुळाच्या एका अंगाला सांचीच्या स्तूपाभोवतीच्या वेदिकेसारखा जाळीदार कठडा, दुसऱ्या अंगाला नावांची सलग भिंत, बाजूंना छोट्या घुमटाकार छत्र्या. मधोमध सुमारे 15 मीटर उंचीचा स्तंभ, माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि ‘स्टार ऑफ इंडिया’, पायथ्याला राखण करणारे दोन वाघ. ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच’ या आशयाची ओळ इंग्रजीबरोबर अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी लिपींतही आहे. उद्‌घाटन 7 ऑक्टोबर 1927 ला झालं, तेव्हा फ्रेंच सेनापती मार्शल फॉश हजर होते. मला त्या कठड्याजवळ थांबणं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दगडाच्या आडव्या पट्ट्या उभ्या खांबांत जिथे बसवल्यात तो सांधा बघा, मुळात लाकूडकामाची ती पद्धत सांचीच्या कारागिरांनी दगडात आणली आणि इथे ती फ्लँडर्सच्या सपाटीवर आली आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोने पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवरच्या 139 समाधी व स्मृतिस्थळांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत हे स्मारक आहे.

गावगाडा

वर सगळं छान आलंय. एक भर: लोक बसने येतात, स्मारक पाहतात आणि आठशे मीटरवरच्या गावात पाऊल न टाकता परत जातात. असं करू नका.

गावात युद्धाआधीची एकही भिंत मिळणार नाही. चर्च, शाळा, घरं, सगळं 1918 नंतर उभं केलेलं, मुख्यतः लाल विटेचं. त्या प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मीळ, विटेची माती मुबलक. गावच्या लोकांसाठी ही पुनर्बांधणी हाच मोठा वारसा आहे, कारण युद्ध संपलं तेव्हा राहायला गावच नव्हतं. चर्च एरवी बंद असण्याची शक्यता जास्त. ‘मेरी’ला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, आठ-दहा दिवस आधी फ्रेंचमध्ये चार ओळींचा मेल टाका. तारीख, वेळ, किती माणसं आणि नातेवाइकाचं नाव स्मारकावर आहे हे लिहा. अशा मेलला लहान गावांत सहसा आपुलकीने उत्तर येतं. कार्यालय आठवड्यातून ठरावीक अर्धे दिवसच उघडं असतं, म्हणून आयत्या वेळी जाऊन दार वाजवू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतो तेव्हा बंद वास्तू उघडतात, पण तुमची तारीख त्यात बसत नाही.

स्मारकापासून चालत जाण्याच्या अंतरावर रिशबूरचं पोर्तुगीज लष्करी स्मशान आहे, 1831 समाध्या. 9 एप्रिल 1918 ला जर्मन हल्ला इथल्या पोर्तुगीज फौजेवर कोसळला. रणात नव्ह-शापेलचा एक ख्रिस्ताचा पुतळा होता, पाय तुटलेला, गोळ्यांनी छिद्रं पडलेला, रस्त्याकडेच्या क्रूसावरचा. पोर्तुगीज सैनिकांची त्याच्यावर फार श्रद्धा बसली. 1958 मध्ये तो पोर्तुगालला देण्यात आला आणि आज बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे. एका छोट्या गावाने आपली इतकी मोलाची वस्तू दिली, हे लक्षात घेऊन ते स्मशान बघा. गोव्याच्या वाचकांनी तर नक्कीच.

ल तूरेचं ब्रिटिश स्मारक (13,400 च्या वर नावं) डी-171 वरून चार-पाच किलोमीटरवर आहे. एका दिवसात तेही होतं, पण मग गावाचा वेळ जातो. मी ते सोडेन आणि त्याऐवजी ला कुत्यूरजवळचं झेलोबचं भारतीय स्मशान घेईन. तिथे ज्यांना समाधी मिळाली असे शिपाई आहेत. ज्यांचं नाव नव्ह-शापेलच्या भिंतीवर सापडत नाही अशांसाठी हेही लक्षात ठेवा: बेल्जियममध्ये पडलेल्यांची नावं तिथल्या इपर गावातल्या मेनिन गेट या स्मारकावर असतात. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू-शिखांचं स्मारक तिथल्या टेकडीवरच्या छत्रीपाशी आहे.

माणदेशी_लिऑन, गावच्या देवळात किंवा चावडीवर संगमरवराची पाटी आहे का तेही घरच्यांना विचारा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले’ अशा पाट्या साताऱ्यात आणि कोकणात पुष्कळ गावांत लावलेल्या आहेत. त्यांत फक्त आकडा असतो. तुमच्याकडे आता क्रमांक, पलटण आणि तारीख आहे, तेव्हा त्या आकड्यातलं एक नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवता येईल. आयोगाच्या नोंदीत गावाचं नाव चुकलं असेल तर पदकाच्या फोटोसह त्यांना मेल करा, पुरावा पाहून ते नोंद दुरुस्त करतात.